मसाई मारा–सेरेंगेटीला जाताना: लस, गोळ्या, माश्या, जनावरं आणि परतल्यावरचा ताप

प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडचं कुटुंब. नवरा-बायको, १० वर्षांची मुलगी, ६७ वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत ९ दिवस: नैरोबी, मसाई मारा, तिथून सेरेंगेटी, शेवटी झांझिबार. मुक्काम तंबूत, भोवती कुंपण नाही. विचारलंय तीन गोष्टींबद्दल. रात्री सिंह किंवा साप आला तर काय? डासांचं काय, आम्ही मुंबईकर, डासांची सवय आहे, क्रीम पुरेल ना? आणि सासूबाईंना न्यावं का?

सिंहाचं उत्तर सोपं आहे, ते थोड्या वेळाने. आधी तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो, कारण त्याला तारीख चिकटलेली आहे.

केनियात पीतज्वराचा, म्हणजे यलो फीवरचा धोका आहे. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच आपला डेंग्यूचा पट्टेरी डास, घराघरात आहे. एक आजारी प्रवासी मुंबईत उतरला तर पुढे काय होऊ शकतं हे सरकारला ठाऊक आहे, म्हणून आपला नियम कडक. केनियासारख्या देशातून लसीच्या प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे पिवळ्या कार्डाशिवाय, परतणाऱ्याला विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, आणि तो देश सोडल्यापासून ६ दिवस पुरे होईपर्यंत ठेवू शकतात. टांझानियाही केनियातून येणाऱ्याकडे हे कार्ड मागतं. म्हणजे तुमच्या मार्गावर ते दोनदा दाखवावं लागेल.

लस एकदाच घ्यायची. २०१६ पासून प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पण ते लागू होतं टोचल्यानंतर १० दिवसांनी. निघायच्या आठवडाभर आधी धावपळ केली तर कार्ड हातात असूनही उपयोग नाही. फॅमिली डॉक्टर ही लस देऊ शकत नाहीत. सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांची केंद्रं आहेत. दिवस आणि वेळ आधी ठरवावी लागते, मूळ पासपोर्ट न्यावा लागतो. पिवळ्या कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच उभं राहून तपासा. स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या चुकीपायी सीमेवर अर्धा तास जातो.

आता सासूबाई. ही जिवंत विषाणूची लस आहे. ६० वर्षांवरच्या माणसाला ती आयुष्यात पहिल्यांदा देताना गंभीर दुष्परिणामाची शक्यता तरुणापेक्षा जास्त असते. आकड्यात ती लहानच, पण परिणाम झाला तर तो मेंदूवर किंवा यकृतावर होऊ शकतो. कर्करोगाचे उपचार चालू असतील, स्टिरॉइडच्या मोठ्या डोसावर असतील, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील, थायमस ग्रंथीचा आजार झाला असेल किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, तर लस द्यायचीच नाही. नुसता मधुमेह-बीपी आटोक्यात असेल तर डॉक्टरांशी बोलून निर्णय घेता येतो. सूट देणारं वैद्यकीय पत्र मिळतं, पण त्यावर विलगीकरण टळेल असं गृहीत धरू नका.

लस नको असं ठरलं तर माझं मत स्पष्ट आहे: सासूबाईंना मागे ठेवण्यापेक्षा देश बदला. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही, आणि तिथल्या मादिक्वे, पिलानेसबर्ग या अभयारण्यांत मलेरियाही नाही. सिंह, हत्ती, गेंडे तेवढेच दिसतात. फक्त विमान नैरोबी किंवा आदिस अबाबा मार्गे जाणारं घेऊ नका. मधला थांबाही नियमात अडकू शकतो.

आता डास. ‘आम्हाला सवय आहे’ हे वाक्य मुंबईकराच्या तोंडी नेहमी असतं आणि ते चुकीचं आहे. मलेरियाविरुद्ध थोडीफार प्रतिकारशक्ती येते ती पुन्हा पुन्हा मलेरिया झाल्यावर, आणि ती टिकत नाही. शिवाय आपल्याकडे व्हायवॅक्स आणि फाल्सिपारम दोन्ही प्रकार आढळतात. पूर्व आफ्रिकेत जवळपास सगळा फाल्सिपारम, म्हणजे मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत जाणारा. मुंबईचा ॲनोफिलीस, म्हणजे मलेरियाचा डास, इमारतीवरच्या टाक्यांत आणि बांधकामाच्या पाण्यात वाढतो. तिथला गाड्यांच्या चाकोऱ्यांत, जनावरांच्या खुरांच्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात वाढतो. तो कुठून आला हे शोधत बसण्यात अर्थ नाही. चावतो सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत, म्हणजे शेकोटीभोवती गप्पा मारायच्या वेळी.

नैरोबी शहर सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, तिथे धोका फार कमी. मारामध्ये आहे, सेरेंगेटीत आहे, झांझिबारला खूप कमी झालाय पण संपलेला नाही. त्यामुळे गोळ्या घ्यायच्या. क्लोरोक्विन, जी आपल्याकडे अजून सर्रास दिली जाते, तिथल्या जंतूवर चालत नाही. पर्याय तीन.

ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज एक, जायच्या १–२ दिवस आधीपासून परत आल्यावर ७ दिवसांपर्यंत. ९ दिवसांच्या सहलीला माणशी १८ गोळ्या धरा. त्रास कमी, पण किंमत जास्त आणि मुंबईत प्रत्येक केमिस्टकडे नसते. निदान दोन आठवडे आधी मागवून ठेवा. ती स्निग्ध पदार्थासोबतच घ्यायची, कारण रिकाम्या पोटी ती नीट शोषलीच जात नाही. नाश्त्याला दूध किंवा लोणी लावलेला पाव असेल तेव्हा घ्या. मुलीला डोस वजनावर, वयावर नाही. सासूबाईंचं क्रिएटिनिन आधी बघा. मूत्रपिंड फारच कमी काम करत असेल तर हे औषध बाद.

डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, १–२ दिवस आधीपासून परतल्यावर ४ आठवडे. म्हणजे जवळजवळ ४० कॅप्सूल. स्वस्त आहे, गल्लीतल्या दुकानात मिळतं. घोटाळा दोन ठिकाणी होतो. एक, लोक ती झोपताना घोटभर पाण्याबरोबर गिळतात आणि ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते. पूर्ण ग्लास पाणी प्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका. दोन, उन्हात त्वचा भाजते, आणि सफारी म्हणजे दिवसभर ऊनच. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीची औषधं यांच्यापासून दोन तासांचं अंतर ठेवा. ८ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना देत नाहीत.

मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण २–३ आठवडे आधी सुरू करावी लागते. नैराश्य, फिट्स किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्याला नाही. तुमच्या कुटुंबाला मी पहिला पर्याय सुचवेन. अंतिम निवड तुमच्या डॉक्टरांची. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर पुन्हा घ्या. आणि सगळ्यात मोठी चूक: घरी परतल्यावर ‘आता काय, मुंबईत आलो’ म्हणून गोळ्या थांबवणं. शेवटच्या दिवशी चावलेल्या डासाचा जंतू तेव्हा यकृतात किंवा रक्तात असतो, म्हणूनच तो शेपटीचा काळ ठेवलेला आहे. कडुनिंबाचा रस, बी-व्हिटॅमिनच्या गोळ्या यांनी मलेरिया टळत नाही.

क्रीम लागेलच, पण कोणतं ते लेबल वाचून ठरवा. डीट २० ते ३० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के. नुसतं सिट्रोनेला किंवा निलगिरीचा वास असलेलं काही घेऊ नका. ३० टक्के डीट साधारण ४ ते ६ तास चालतं, घाम आला तर कमी. आधी सनस्क्रीन, ते जिरल्यावर त्यावर डीट, उलटं नाही. मुलीला तुम्ही लावा, तळहातांना नको, हात डोळ्यांत जातात. डीट प्लास्टिक विरघळवतं. कॅमेऱ्याची रबरी पकड, गॉगल, घड्याळाचा पट्टा चिकट होऊन खराब झाल्यावर मग लक्षात येतं. पिकारिडिनला ही खोड नाही.

कपड्यांवर मारायचं पर्मेथ्रिन ०.५ टक्क्याचं असतं. फवारा, पूर्ण वाळू द्या, मग घाला. साधारण सहा धुण्यांपर्यंत टिकतं. केमिस्ट जे खरजेसाठी ५ टक्के क्रीम देतो ते हे नव्हे. ओलं पर्मेथ्रिन मांजरींना विषारी आहे, घरात मांजर असेल तर गच्चीवर फवारा.

आपली लिक्विड मशीन नेऊ नका. बऱ्याच कॅम्पमध्ये रात्री जनरेटर बंद होतो, आणि तिथला सॉकेट तीन चौकोनी पिनांचा, आपला गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही. अगरबत्ती-कॉइल कापडी तंबूत लावणं म्हणजे आगीला निमंत्रण. मच्छरदाणी कॅम्पवर असते. ती अंधार पडायच्या आत गादीखाली खोचून घ्या आणि भोकं बघा. चिकटपट्टीचा एक छोटा रोल बॅगेत असू द्या, त्याचं काम पडतंच.

डेंग्यू किनारपट्टीवर आणि झांझिबारला असतो, दिवसा चावणारा डास, त्यालाही हेच क्रीम. घरात कुणाला आधी डेंग्यू होऊन गेला असेल तर दुसऱ्यांदा तो जास्त त्रास देऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा. जाता जाता: चिकुनगुनिया हे नाव दक्षिण टांझानियातल्या मकोंडे भाषेतलं आहे, १९५२ च्या साथीत तिथेच त्याची पहिली नोंद झाली.

त्सेत्से माशीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सेरेंगेटीच्या झाडोऱ्याच्या भागात तीच जास्त सतावेल. घरमाशीपेक्षा थोडी मोठी, बसल्यावर पंख कात्रीसारखे एकावर एक मिटलेले. दिवसा चावते, सुई टोचल्यासारखी, आणि पातळ कापडातूनही. चालत्या गाडीमागे लागते. निळा आणि काळा रंग तिला ओढतो. वाटेत झाडांना टांगलेली निळी-काळी कापडं दिसतील, ते तिच्यासाठीचे सापळे असतात. तुमची निळी जीन्सही तिच्या दृष्टीने सापळाच आहे, म्हणून खाकी, मातकट, फिका हिरवा रंग घाला, कापड जाडसर. लष्करी छापाचे कपडे मात्र नकोत. काही आफ्रिकी देशांत, उदाहरणार्थ झिम्बाब्वेत, ते नागरिकांना चालत नाहीत. डीटचा या माशीवर भरवसा नाही. झाडोऱ्यातून जाताना काचा वर करा. आत शिरलेली माशी टोपीने काचेवर दाबून मारावी लागते, नुसत्या फटक्याने ती मरत नाही.

तिच्यातून निद्रारोग होतो. पूर्व आफ्रिकेतला प्रकार वेगाने वाढतो, उपचाराविना काही आठवड्यांत जीव घेऊ शकतो. पर्यटकांना तो क्वचित होतो, पण सेरेंगेटीतून परतलेल्यांत नोंदी आहेत. चावल्या जागी काही दिवसांनी दुखरी, लाल, कडक गाठ आली आणि सोबत ताप आला, तर ती साधी गांधी समजू नका. गुरांनाही हीच माशी मारते. गुराखी इथे फिरकले नाहीत, म्हणून यातली बरीच रानं शाबूत राहिली, ही तिची दुसरी बाजू.

बाकीचे किडे थोडक्यात. गवतातून चाललात तर संध्याकाळी गोचीड शोधा: काखा, जांघा, गुडघ्यामागे, मुलीच्या कानामागे आणि केसांत. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल, जळती काडी यांनी ती आतलं आणखी ओकते. नैरोबी माशी प्रत्यक्षात केशरी-काळा बारीक किडा आहे. अंगावर दिसली तर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडली की तिच्यातल्या द्रवाने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. साबणाने लगेच धुवा, डोळ्यांना हात नको. टुंबू माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते, म्हणून बाहेर वाळत घातलेला प्रत्येक कपडा, आतलासुद्धा, कडक इस्त्री करून घाला. गळवासारखं काही आलं आणि मधोमध छिद्र दिसलं तर पिळू नका. व्हॅसलीनचा जाड थर द्या, श्वास कोंडला की अळी वर येते. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी थांबलात तर पाण्यात पाय घालू नका, गोगलगायींतून येणारे कृमी कातडीतून शिरतात.

आता जनावरं. आरेत बिबट्याच्या बातम्या ऐकून मोठे झालेल्या मुंबईकराला नियम नवीन नाहीत, फक्त इथे ते रोज रात्री पाळावे लागतात. गाडीत बसलेल्या माणसाला सिंह वेगळा ओळखत नाही, गाडी आणि माणसं मिळून त्याला एकच मोठी वस्तू दिसते. उभं राहून, हात बाहेर काढून, ओरडून तुम्ही ती आकृती मोडता. गाडीतून उतरणं तर नाहीच. लघवीसाठी थांबायचं झालं तर चालक आधी जागा बघेल, मग एकेकाने गाडीच्या चाकामागे बसायचं. आडोशाचं झुडूप शोधायला जाऊ नका, दुपारी सिंहही त्याच सावलीत पडलेला असतो.

खरा धोका पायी असताना: तंबू ते जेवणाची जागा, जेवणाची जागा ते तंबू. अंधार पडल्यावर कॅम्पचा पहारेकरी, तिथे त्याला अस्करी म्हणतात, बरोबर घेतल्याशिवाय ५० पावलंही चालू नका. नैवाशासारख्या सरोवराकाठी पाणघोडे रात्री लॉनवर चरायला येतात. पाणघोडा गवत खातो म्हणून गरीब नाही. त्याच्या आणि पाण्याच्या मधे आलात की तो ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने अंगावर येतो. एकटा म्हातारा रानरेडाही तसाच: कळपातला पळतो, एकटा थांबून बघतो. हत्ती कान पसरून, डोकं हलवून धावला तर बहुधा धमकी असते. कान मागे चिकटवून, सोंड आत वळवून, आवाज न करता आला तर ती धमकी नाही. कानशिलातून पाझर आणि मागच्या पायांवर मूत्राची ओल दिसणारा नर मस्तात असतो. त्याच्यापासून चालकाला लांब थांबायला सांगा. फोटोसाठी ‘अजून थोडं पुढे’ म्हणणारे बहुतेक वेळा पाहुणेच असतात.

रात्री तंबूची चेन तळापर्यंत बंद. कुंपण नसलेल्या तंबूत सिंह शिरत नाही, अट एवढीच की तंबू पूर्ण बंद असावा. पंखा नाही म्हणून दार अर्धं उघडं ठेवणं, एवढंच टाळायचं आहे. बाथरूम बाहेर असेल तर सासूबाईंसाठी झाकणाचं भांडं आत ठेवा, आणि बुकिंग करतानाच बाथरूम जोडलेला तंबू मागा. चामडी बूट बाहेर ठेवलेत तर तरस नेईल. खाऊ तंबूत नको. चकली-चिवड्याला मुंग्या आणि माकडं येतात, संत्री-मोसंबीच्या वासाला हत्ती. डबे कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे, फराळ कापडी पिशवीत बांधा.

साप क्वचितच दिसतात. पफ ॲडर हा घोणशीसारखा जाड आणि सुस्त, पायवाटेवर पडून राहतो, सरकत नाही. पाय पडला तरच चावतो. म्हणून घोट्यावर येणारे बूट आणि हातात टॉर्च, मोबाइलचा दिवा नव्हे. सकाळी बूट झटकून घाला, विंचवासाठी. साप चावलाच तर अंगठ्या-बांगड्या काढा, अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. कापणं, चोखणं, करकचून बांधणं नाही. थुंकणाऱ्या नागाचं विष डोळ्यात गेलं तर १५–२० मिनिटं पाण्याने धुवा. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं. आफ्रिकी सापांवर ते भरवशाचं नाही, सोबत नेऊ नका. त्याऐवजी विम्यात विमानाने रुग्णालयात हलवण्याची सोय आहे का ते बघा. मारामधून रुग्णाला नैरोबीला नेणं हेच तिथलं पहिलं उपचाराचं पाऊल असतं, आणि ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्ससारखी सेवा तेच करते.

माकड, बबून किंवा कुत्रा चावला-ओरबाडला तर साबण-पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस. मुंबईत कुत्रा चावल्यावर कुणी आधी पूर्ण कोर्स घेतला असेल तर त्याचे कागद सोबत ठेवा. मग दिवस ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही.

आणि परतल्यावर. तुम्ही उतराल तेव्हा मुंबईत पावसाळ्यानंतरच्या तापाची साथ संपत आलेली असेल. ताप आला की लॅब ‘फीवर प्रोफाइल’ करते, प्लेटलेट कमी दिसतात, आणि सगळे डेंग्यू म्हणून पपईच्या पानांचा रस सुरू करतात. प्लेटलेट फाल्सिपारम मलेरियातही पडतात. आफ्रिकेत पोचल्यापासून ७ दिवसांच्या आत आलेला ताप बहुधा तिथला मलेरिया नसतो. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत आलेला प्रत्येक ताप, गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरी, मलेरिया समजूनच तपासायचा. डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य ‘आफ्रिकेहून आलोय’ हे असावं, तारखांसकट. त्याच दिवशी जाड आणि पातळ रक्तपट्टी आणि रॅपिड टेस्ट. त्याच पट्टीत निद्रारोगाचा जंतूही दिसू शकतो, म्हणून त्सेत्से चावल्याचं लॅबला कळवा. अंगावर काळी खपली आणि ताप असेल तर गोचीड-तापाचा विचार. आपले डॉक्टर स्क्रब टायफसमुळे ती खपली ओळखतात आणि दोन्हींना डॉक्सिसायक्लिनच लागतं. पहिली पट्टी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर १२ ते २४ तासांनी दुसरी, मग तिसरी. गुंगी, पिवळे डोळे, गडद लघवी किंवा धाप दिसली तर दवाखान्याच्या रांगेत न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात जा; संसर्गजन्य आजारांसाठी चिंचपोकळीचं महापालिकेचं कस्तुरबा आहे. तिथे मलेरियावरच्या आर्टेसुनेट औषधाचं इंजेक्शन तासाभरात सुरू होणं महत्त्वाचं, बाकीचे रिपोर्ट मागाहून आले तरी चालतील.